धूळपाटीवरचा कोश

डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी ज्ञानकोशाचे तेवीस खंड महाराष्ट्राच्या हाती दिले, त्याला आता शंभर वर्षे होत आली. तो कोश म्हटला की केतकर आठवतात; वाईच्या विश्वकोशाचे नाव निघाले की तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी डोळ्यांपुढे येतात. कोशाला असा एक कर्ता पुरुष असावयाचाच, ही आपली जुनी समजूत. मग १ मे २००३ रोजी सुरू झालेल्या मराठी विकिपीडियाचे काय करावे? त्याला शेवटचा खंड नाही, आणि वाटेल त्याने लेखणी उचलावी अशी मुभा आहे. ह्या ग्रंथाचे परीक्षण काठावर बसून करता यावयाचे नाही. म्हणून मी पाण्यात उतरलो.

नवागताने हात बसवावा म्हणून तेथे एक पान राखलेले असते. त्याचे नाव 'धूळपाटी'. हे नाव ज्याने सुचविले असेल त्याला माझा नमस्कार! आपल्या पणज्यांनी पाटीवर धूळ पसरून बोटाने धुळाक्षरे गिरविली. चुकले की हात फिरवावा आणि पुन्हा लिहावे. सर्वांनी मिळून बोलावयाच्या जागेला 'चावडी' म्हटले आहे. परक्या यंत्राला अशी घरची नावे देणे म्हणजे नुसते भाषांतर नव्हे. ते त्याला कुळात घेणे आहे.

धूळपाटीवर दोन दिवस काढून मी 'भिवंडी' ह्या लेखाला हात घातला. माझेच गाव, भीती कसली? लिहिले : 'कामवारीच्या रम्य तीरावर वसलेली आमची भिवंडी ही वस्त्रोद्योगाची जगप्रसिद्ध नगरी होय.' घरातल्या सर्वांना बोलावून ते दाखविले. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तो एवढेच उरलेले : 'भिवंडी हे ठाणे जिल्ह्यातील, कामवारी नदीकाठचे यंत्रमागांचे शहर आहे.' पुढच्या एका वाक्यावर 'संदर्भ हवा' अशी चिठ्ठी लटकत होती. मोठा राग आला. गावात जन्म आमचा, आणि पुरावा मागणारे हे कोण?

परंतु त्या लेखाचे 'इतिहास' नावाचे पान उघडले आणि राग ओसरला. माझे मूळ वाक्य तेथे जसेच्या तसे होते. कोणी, केव्हा, काय बदलले, त्याची नोंद शेजारी. दोन्ही वाक्ये शेजारी ठेवून वाचली. आजच्या कामवारीच्या काठी जो उभा राहिला आहे, तो तिला 'रम्य' म्हणणार नाही. कात्री लावणाऱ्याने माझे खोटे तेवढे कापले होते.

खरी कसोटी पुढेच होती. मे १९७० ची दंगल, तिच्यावरचा न्यायमूर्ती मादन आयोग, मग १९८४ ची दंगल : हे टाळून भिवंडीवर लिहिता येत नाही. आणि ह्या गावात जो लिहील, त्याच्या घरात ह्या नाही तर त्या बाजूच्या आठवणी असणारच. 'आमचे', 'त्यांचे', 'प्रत्युत्तर' असे शब्द बोटांवर आयते येतात. पण ह्या कोशात प्रत्येक क्रियापदाला कर्ता विचारला जातो आणि प्रत्येक कर्त्याला पुरावा. चार ओळी लिहावयास मला एक अख्खी संध्याकाळ लागली. तेव्हा कळले, की विशेषण गाळणे म्हणजे रुक्षपणा नव्हे. कोकणी मुसलमान, तेलुगू पद्मशाली आणि आगरी अशा तिन्ही शेजाऱ्यांना एका पंगतीत बसून वाचता येईल असा परिच्छेद लिहिणे, ही एक प्रकारची सभ्यता आहे.

दोषही सांगितले पाहिजेत. केतकरांचे मत पटो वा न पटो, पानापानातून एक माणूस बोलतो. येथल्या गद्याला आवाज नाही. त्याहून मोठी उणीव अशी, की छापून आले तेवढेच येथे ज्ञान ठरते. सायझिंगमधून बीम कसा येतो, कांडी कशी भरतात, धोटा अडखळला की जॉबर नुसत्या आवाजावरून ते कसे ओळखतो, हे मी लिहू गेलो. पुन्हा तीच चिठ्ठी! चाळीस वर्षे मागावर उभ्या राहिलेल्या शेजाऱ्याचे बोलणे पुरावा म्हणून चालत नाही. नियम योग्यच आहे. तो नसता तर कोशाचा चव्हाटा व्हावयास वेळ लागला नसता. पण परिणाम असा, की भिवंडी लोकसंख्या, यंत्रमाग आणि दंगली एवढ्यांत आटोपते, आणि मागापुढे उभा असलेला माणूस लेखाबाहेरच राहतो.

ह्याचा दोष कोशाला देऊन आपल्याला मोकळे होता येईल काय? मला तसे वाटत नाही. कोश हा आरसा आहे. आपण जे लिहून ठेवले नाही ते त्यात दिसणार कोठून? दिवाळीला घरोघरी वडीलधारी मंडळी एकत्र जमतात. त्यांना त्यांच्या धंद्याचे शब्द विचारावेत, लिहून घ्यावेत, कोठेतरी नीट छापावेत. मी त्या शेजाऱ्याकडून एका वहीत मागाचे शब्द उतरवून घेऊ लागलो आहे. कित्येक शब्द मराठी की उर्दू की तेलुगू, ते त्यालाही सांगता येत नाही. वही पुरी होऊन छापली गेली, की ती चिठ्ठी काढावयास मी पुन्हा तेथे जाणार आहे.