झील धरणाऱ्याची परीक्षा

क्लीव्हलंडच्या वाद्यवृंदाने जॉर्ज सेल यांच्या नेतृत्वाखाली १९६१ साली ध्वनिमुद्रित केलेली बेथोव्हेनची नववी सिंफनी ज्यांनी ऐकली असेल, त्यांना तिच्या अखेरच्या भागातील वृंदगान सहसा विसरता येणार नाही. पहिले तीन भाग केवळ वाद्यांचे. चौथ्यात प्रथम एकटा पुरुषकंठ उठतो आणि मग त्याच्यामागून सारा समुदाय. एके ठिकाणी स्त्रियांचे आवाज उंच टिपेवर जाऊन मात्रांमागून मात्रा तेथेच खिळून राहतात, आणि तरीही त्यांत कर्कशपणाचा लवलेश नाही. हा वृंद तयार केला होता रॉबर्ट शॉ यांनी. हे सारे पोटापाण्यासाठी गाणारे कसलेले गायक असावेत, असा प्रस्तुत लेखकाचा प्रथम समज झाला. वस्तुस्थिती निराळी होती. क्लीव्हलंडचा हा वृंद हौशी स्वयंसेवकांचा. दिवसा आपापला उद्योग करावा, संध्याकाळी तालमीस यावे, आणि मानधनाची अपेक्षा ठेवू नये, असा तेथील रिवाज. प्रवेशासाठी परीक्षा मात्र प्रत्येकाला द्यावी लागते. तिला ते ‘ऑडिशन’ म्हणतात.

देवळाच्या सभामंडपात वाढलेल्या आपल्यासारख्यांना हे चमत्कारिक वाटल्यास नवल नाही. वास्कोच्या दामोदराच्या भजनी सप्ताहात अखंड चोवीस तास नामघोष चालतो. तेथे टाळ हाती घेणाऱ्याला ‘तुझा षड्ज लावून दाखव’ असे कोणी विचारीत नाही. मुख्य गायक अभंग म्हणतो, बाकीचे झील धरतात. एखाद्याचा स्वर घसरला तर टाळांच्या गजरात तो झाकला जातो, आणि देव तो ऐकत असल्यास रागावत नसावा. जो सेवा फुकट करतो त्याची परीक्षा कसली घ्यायची, हा आपला सहजभाव आहे, आणि तो हीन लेखण्याजोगा नाही.

परंतु दोन्हींच्या रचनेतील भेद ध्यानात घेतला पाहिजे. भजनात सर्वांची चाल एक. सिंफनीच्या वृंदात सोप्रानो, आल्टो, टेनर आणि बास असे चार थर एकाच वेळी चार निरनिराळ्या वाटांनी चालतात आणि त्यांच्या मेळातून स्वरसंहती उभी राहते. तेथे आल्टोतील एक कंठ अर्ध्या श्रुतीने उतरला तरी त्याच्यावर पांघरूण घालायला टाळ नसतो, आणि सगळी इमारत कलते. म्हणून उमेदवाराला स्वरपट्टीवर वरखाली फिरवून त्याचा पल्ला पाहतात. पियानोवर चारदोन असंबद्ध स्वर वाजवून ते जसेच्या तसे गाऊन दाखवायला सांगतात. कधी न पाहिलेले स्वरलेखन पुढे ठेवून ते तत्काळ वाचून गायला लावतात. एक तयार केलेले गीतही ऐकतात. आपल्या हिंदू घरांतील उत्तम तयारीचा गायकही या तिसऱ्या पायरीवर अडखळेल, कारण आपली विद्या कानाने येते आणि भातखंड्यांची स्वरलिपी आपण चीज जपून ठेवायला वापरतो, नजरेसरशी गायला नव्हे. गोव्यातील आपल्या ख्रिस्ती शेजाऱ्याला चर्चच्या शाळेतील सॉल्फाच्या अभ्यासामुळे येथे भीती वाटणार नाही. एकाच वाड्यावर राहून कान इतके वेगळे घडावेत, ही विचार करण्याजोगी गोष्ट आहे. तिचा परामर्श पुढे केव्हातरी घेता येईल.

शॉ यांची तालमीची रीत याहून उद्बोधक आहे. ते वृंदाला कवितेचे शब्द आरंभी गाऊच देत नसत. त्या जागी ‘वन अँड टू अँड टी अँड’ अशी मात्रांची मोजणी, आणि तीही हलक्या आवाजात, नेमून दिलेल्या स्वरांवर गाऊन घेत. ‘थ्री’ हा उच्चार जिभेला जड, म्हणून ‘टी’. भावना, शब्द, आवाजाचा डौल, यांतले काहीही गायकाच्या हाती न ठेवता प्रथम त्याला काळ आणि स्वर यांच्या स्वाधीन करायचे, अशी ही योजना. पुढे अटलांटाच्या वाद्यवृंदाचे दिग्दर्शक असताना १९७० मध्ये उभारलेल्या वृंदातही त्यांनी हीच शिस्त चालवली. यावरून एक गोष्ट उघड होते. वृंदाला हवा असतो तो सुंदर आवाज नव्हे, तर शेजाऱ्याचे ऐकून आपला आवाज त्यात विरघळवणारा माणूस. ज्याचा कंठ चारचौघांत उठून दिसतो तो मैफलीत भाग्यवान, वृंदात अडचण.

आणि नेमका येथेच आमचा आक्षेप आहे. परीक्षा घेऊ नये असे नव्हे, पण घेतात ती सहसा चुकीच्या गोष्टीची घेतात. उमेदवाराला एका खोलीत एकटे उभे करून पाचदहा मिनिटे ऐकायचे आणि त्यावरून तो समूहात कसा गाईल हे ठरवायचे, हा साक्षीदाराला न विचारता त्याच्या हस्ताक्षरावरून साक्ष नोंदवण्यासारखा प्रकार झाला. एकटेपणी जो गुण ऐकूच येऊ शकत नाही, त्याची परीक्षा एकटेपणी कशी व्हावी?

नवख्याच्या बाबतीत हे एक वेळ क्षम्य. जुन्या सभासदाचे काय? बॉस्टन सिंफनीसाठी जॉन ऑलिव्हर यांनी १९७० मध्ये टँगलवूड उत्सवाचा वृंद स्थापन केला. तोही बिनपगारी, आणि मोठमोठ्या कृती पुढ्यात कागद न ठेवता मुखोद्गत गाण्याबद्दल ख्यात. ऑलिव्हर २०१५ मध्ये निवृत्त झाले. २०१७ मध्ये जेम्स बर्टन यांची नियुक्ती झाली, सभासदांच्या नव्याने चाचण्या झाल्या, आणि वर्षानुवर्षे गाणारे अनेकजण वगळले गेले. त्यांची नाराजी २०१८ मध्ये वृत्तपत्रांपर्यंत पोहोचली. नव्या दिग्दर्शकाची बाजू पोकळ नाही. वय वाढते तसा स्वराचा कंप रुंदावतो, वर सांगितलेली ती उंच टीप पेलेनाशी होते, आणि श्रोत्याने तिकिटाचे पैसे सभासदांच्या निष्ठेसाठी दिलेले नसतात. कलेत ज्येष्ठतेचा हक्क मानू लागलो तर वृंदाचे वृद्धाश्रम होतील, हे आम्हांला मान्य आहे.

तरीही त्या वगळलेल्यांच्या दुःखाला उत्तर मिळत नाही. कायद्याकडे जावे तर आमच्या १८७२ च्या करार कायद्याचे २५ वे कलम सांगते की, काही अपवाद सोडता, मोबदल्यावाचून केलेला करार निरर्थक होय. अमेरिकेचा कायदा वेगळा, पण मूळ एकाच इंग्रजी विहिरीचे. ज्याने कधी पैसा घेतला नाही त्याला न्यायालयात उभे राहायला जमीनच उरत नाही. पगारी वादकाची स्थिती पहा. याच बॉस्टनच्या संस्थेने १९५२ मध्ये उमेदवार वादकांना पडद्याआडून ऐकण्याचा प्रयोग केला. पुढे अन्य वाद्यवृंदांनीही तो उचलला, आणि अमेरिकन वाद्यवृंदांत स्त्रियांची संख्या वाढली. नोकरी देताना इतकी काळजी. वीस वर्षांची फुकट सेवा संपवताना मात्र एक पत्र पुरते.

आपल्याकडेही हा वाद नवा नाही. १९५२ नंतर केसकर नभोवाणी खात्याचे मंत्री असताना आकाशवाणीने कलावंतांच्या चाचण्या सुरू केल्या. परीक्षकांत रातंजनकरांसारखे विद्वान होते, तरी नाणावलेल्या गायकांनी त्याविरुद्ध केवढे काहूर उठवले! त्यांना गुणांची फिकीर नव्हती. आयुष्यभर ज्यांनी ऐकवले त्यांना ‘प्रथम ऐकू द्या’ म्हणणे त्यांना झोंबले. पण त्या गायकांपाशी नाव होते, शिष्य होते, वृत्तपत्रे होती. वृंदातील झील धरणाऱ्यापाशी यांपैकी काहीच नसते. वृंदात त्याचे वेगळे नाव ऐकू येऊ नये, हेच तर त्याचे यश.

‘ऑडिशन’ हा शब्द लॅटिनमधील ‘ऐकणे’ या धातूपासून आला आहे. आम्हा वकिलांच्या तोंडी सदैव असणारे ‘ऑडी आल्टेरम पार्टेम’, म्हणजे दुसऱ्या बाजूचेही ऐका, हे सूत्र त्याच धातूचे. न्यायालयात ऐकून घेणे म्हणजे कारणे देणे, चूक दाखवणे, उत्तराला अवसर देणे. वृंदाच्या चाचणीने या सख्ख्या बहिणीकडून थोडे उसने घ्यायला हरकत नसावी. जुन्या सभासदाला एकटे ऐकू नये; इतर तीन विभागांतील तीन गायक सोबत द्यावेत आणि चौघांत तो काय करतो ते पहावे. काही वृंद असे करतातही. स्वर उतरत असेल तर कोठे उतरतो ते त्याला सांगावे, एक हंगाम मुदत द्यावी, आणि नंतरच काय तो निर्णय करावा. यात दिग्दर्शकाचा अधिकार कमी होत नाही. त्याची एखादी संध्याकाळ मात्र जास्त खर्च होते.

नववी सिंफनी व्हिएन्नात प्रथम झाली ती ७ मे १८२४ रोजी, आणि तेव्हाच्या मेळ्यातही हौशी मंडळी होती. व्यासपीठावर उभ्या असलेल्या बेथोव्हेनला त्यांचा एकही स्वर ऐकू येत नव्हता. टाळ्या पडत होत्या तेव्हा एका गायिकेने त्याला हाताने श्रोत्यांकडे वळवले असे सांगतात.