मृगातला तेजोमेघ: डोळ्याचा आणि कॅमेऱ्याचा
अँड्र्यू कॉमन या हौशी निरीक्षकाने 1883 मध्ये मृगातल्या तेजोमेघाचं छायाचित्र घेतलं. दुर्बिणीतून डोळ्यांना न दिसणारे तारेही त्यात उमटले. मग खरं कोण? आम्ही म्हणतो, दोघेही. अंधूक उजेडात डोळ्याला रंग कळत नाहीत. कॅमेरा प्रकाश साठवत जातो. म्हणून छोट्या दुर्बिणीतून हा मेघ राखाडी दिसतो आणि फोटोत गुलाबी. यात फसवणूक नाही. आमचा आक्षेप वेगळा आहे. नवशिके सुंदर फोटो दाखवतात, पण एक्स्पोजर किती, किती फ्रेम एकत्र केल्या, रंग किती वाढवले, हे पुष्कळदा सांगतच नाहीत. असा फोटो म्हणजे पुराव्याविना विधान! तेव्हा आधी डोळ्याने पाहा, मग टिपा, आणि कसं टिपलं ते फोटोखाली लिहा.