यशोगाथेतला राज्यकर्ता

यशस्वी उद्योजकाच्या हाती सत्ता दिली की कारभाराला शिस्त लागेल, असे मत आपल्याकडे वारंवार ऐकू येते. ज्याने एवढा मोठा धंदा उभा केला त्याला राज्य चालवणे काय जड, असा त्यामागचा हिशेब. हे मत निवडणुकीच्या भाषणांतून पसरते, पण ते घडते बरेच आधी, आणि तेही एका वाङ्मयप्रकारातून. तो प्रकार म्हणजे उद्योगपतीची यशोगाथा. मी राज्यशास्त्राचा पदवीधर नाही. पण अशी पुस्तके टिपणे काढत वाचण्याची सवय मला बऱ्याच वर्षांपासून आहे. प्रस्तुत लेखात त्यांतले एकच पुस्तक घेतो, कारण एवढा मोठा राजकीय परिणाम झालेली दुसरी यशोगाथा मला ठाऊक नाही. ते पुस्तक म्हणजे डोनाल्ड ट्रम्प यांचे १९८७ साली आलेले 'द आर्ट ऑफ द डील'.

जून २०१५ मध्ये अध्यक्षपदाची उमेदवारी जाहीर करताना ट्रम्प यांनी याच पुस्तकाचा दाखला दिला होता. हे पुस्तक लिहिणारा नेता देशाला हवा, असे त्यांचे म्हणणे होते. गंमत अशी की मुखपृष्ठावर दोन नावे आहेत. दुसरे नाव टोनी श्वार्ट्‌झ या पत्रकाराचे. पुस्तक आपणच लिहिले आणि त्याचा आपल्याला पश्चात्ताप होतो, असे श्वार्ट्‌झ यांनी २०१६ मध्ये जाहीरपणे सांगितले. ट्रम्प यांना ते मान्य नाही. वाद बाजूला ठेवला तरी समीक्षकाच्या कामाची एक गोष्ट उरते. मतदारांपुढे जो कर्तबगार माणूस उभा राहिला, त्याला घडवण्यात एका व्यावसायिक लेखणीचा हात होता.

आता पुस्तकाची रचना पाहा. सुरुवात एका आठवड्याच्या रोजनिशीने होते. फोनवर फोन, भेटीवर भेट, आणि प्रत्येक वेळी निर्णय नायकाचा. पुढची बहुतेक प्रकरणे एकेका व्यवहाराची. नायकाच्या मनात इच्छा आली की प्रकरण सुरू होते आणि व्यवहार पुरा झाला की ते संपते. त्या व्यवहाराचे पुढे दहा-वीस वर्षांत काय झाले, हे या रचनेत बसत नाही. न्यूयॉर्कमधल्या जुन्या कमोडोर हॉटेलचे ग्रँड हयात झाले, त्यासाठी १९७६ साली शहराने ४० वर्षांची करसवलत दिली. पुस्तकात ही सवलत नायकाच्या चातुर्याचा विजय म्हणून येते. लक्ष्मीपूजनाला आपण ज्या वहीची पूजा करतो तिला जमा आणि नावे अशा दोन बाजू असतात. ही यशोगाथा जमेच्या बाजूलाच भरलेली आहे. सवलत नायकाकडे जमा झाली, पण ती कोणाच्या नावे पडली ते पान वाचकाला दिसत नाही.

तरीही ट्रम्प यांच्या बाजूचा सर्वांत सबळ पुरावा याच पुस्तकात आहे आणि त्याला बगल देणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधले वोलमन रिंक हे बर्फावर घसरण्याचे मैदान १९८० मध्ये दुरुस्तीसाठी बंद झाले. शहर प्रशासनाने सहा वर्षे घालवली, एक कोटीहून अधिक डॉलर खर्च केले, पण मैदान काही सुरू झाले नाही. १९८६ मध्ये ट्रम्प यांनी ते काम अंगावर घेतले आणि सुमारे चार महिन्यांत, ठरलेल्या रकमेच्या आत पुरे केले. पैसा शहराचाच होता, पण काम झाले हे खरे. रखडलेले उड्डाणपूल रोज पाहणाऱ्या आपल्या वाचकालाही हा किस्सा भुरळ घालील.

पण यात एक मेख आहे. न्यूयॉर्क राज्याच्या कायद्यानुसार सार्वजनिक बांधकामात नळकाम, वीज, वातानुकूलन यांची कंत्राटे वेगवेगळी द्यावी लागत. शहर या नियमाने बांधलेले होते, ट्रम्प नव्हते. त्यांनी एका मुख्य कंत्राटदाराला बोलावले, घासाघीस केली आणि काम दिले. असे नियम वेळखाऊ असतात, कधीकधी मूर्खपणाचेही असतात. तरी ते असतात याला कारण आहे. लोकांचा पैसा एकाच मर्जीतल्या माणसाच्या खिशात जाऊ नये, हा त्यांचा हेतू. म्हणजे या किश्शातून सिद्ध होते ते एवढेच, की सरकारी बंधने नसलेला माणूस बंधनांतल्या माणसापेक्षा लवकर काम करतो. राज्यकर्ता झाल्यावर तो मोकळेपणा संपतो. मग एकतर बंधनांत राहून काम करण्याचे कसब लागते, नाहीतर बंधनेच मोडावीशी वाटतात.

याची परीक्षा डिसेंबर २०१८ मध्ये झाली. मेक्सिकोच्या सीमेवरील भिंतीसाठी ५.७ अब्ज डॉलर हवेत, नाहीतर खर्चाला मंजुरी नाही, असे ट्रम्प यांनी काँग्रेसला बजावले. मनासारखे होत नसेल तर बैठकीतून उठून जायची तयारी ठेवावी, हा सौदेबाजीचा जुना डाव. व्यापारात तो चालतो, कारण समोरच्याला दुसरे गिऱ्हाईक असते आणि आपल्याला दुसरा माल. इथे सरकारचा मोठा भाग ३५ दिवस ठप्प झाला. सुमारे ८ लाख कर्मचाऱ्यांचे पगार अडकले. अखेर भिंतीच्या पैशांशिवायच ट्रम्प यांनी सही केली आणि पुढच्याच महिन्यात आणीबाणी जाहीर करून तो पैसा दुसरीकडून वळवण्याचा मार्ग धरला. सौद्याची कला हरली तेव्हा बंधन ओलांडण्याची वाट निघाली.

प्रसिद्धीची गोष्ट थोडी वेगळी. पुस्तकानंतर तीनच वर्षांनी, १९९० मध्ये, अटलांटिक सिटीत ट्रम्प यांचा 'ताजमहाल' नावाचा कॅसिनो उघडला आणि १९९१ मध्ये तो दिवाळखोरीच्या कायद्याच्या आसऱ्याला गेला. तरी २००४ पासून 'द अप्रेंटिस' या दूरचित्रवाणी मालिकेने त्यांना घराघरांत नेले ते दर आठवड्याला एका उमेदवाराला घरी पाठवणारा मालक म्हणून. पुढे नाव हाच माल झाला. पुण्यात कल्याणीनगरला त्यांच्या नावाचे दोन मनोरे आहेत. ते बांधले स्थानिक विकासकाने. ट्रम्प यांच्या कंपनीने दिला तो नाव वापरण्याचा परवाना.

पण प्रसिद्धी माणसाला आपोआप अपात्र ठरवते, असेही नाही. १९८४ च्या एकाच निवडणुकीत, एकाच पक्षातर्फे दोन मोठे नट लोकसभेत गेले. अलाहाबादहून निवडून आलेले अमिताभ बच्चन तीन वर्षांच्या आत राजीनामा देऊन बाहेर पडले. मुंबईतून आलेले सुनील दत्त पाच वेळा निवडून आले. पंजाब पेटलेला असताना १९८७ मध्ये ते मुंबईहून अमृतसरपर्यंत पायी गेले. प्रसिद्धी दोघांकडे होती. तिने दोघांनाही दारापर्यंत पोचवले. आत किती काळ आणि कशासाठी राहायचे, हे तिने ठरवले नाही.

धंद्यातल्या यशाचेही तसेच. खाणधंद्यात अमाप पैसा मिळवलेले हर्बर्ट हूव्हर १९२९ मध्ये अध्यक्ष झाले आणि महामंदीपुढे हतबल ठरले. हॅरी ट्रुमन यांचे कॅन्सस सिटीतले कापडचोपडाचे दुकान १९२२ मध्ये बुडाले होते आणि त्याचे कर्ज ते कित्येक वर्षे फेडत राहिले. त्याच ट्रुमननी महायुद्धानंतरची अमेरिका सांभाळली. उलट अब्जाधीश मायकेल ब्लूमबर्ग यांना न्यूयॉर्ककरांनी तीनदा महापौर केले. तेव्हा नफ्यातोट्याच्या आकड्यावरून राज्यकर्त्याची पात्रता ठरत नाही, तशी अपात्रताही ठरत नाही.

मग पाहायचे काय? माझे उत्तर पुस्तकातल्या रिकाम्या जागेत सापडते. मालकाला नको तो नोकर काढता येतो, बुडीत धंदा बंद करता येतो, नावडते गिऱ्हाईक सोडून देता येते. राज्यकर्त्याला विरोधक काढता येत नाही, तोट्यातला जिल्हा बंद करता येत नाही आणि मत न देणाऱ्या नागरिकालाही पाणी द्यावेच लागते. म्हणून यश मिरवत कोणी मते मागायला आला, तर त्याने किती कमावले हे विचारून फारसे काही हाती लागणार नाही. ज्यांना काढून टाकणे शक्य नव्हते अशा माणसांबरोबर त्याने आयुष्यात कधी, कुठे आणि किती वर्षे काम केले, हे विचारावे. सहकारी सोसायटी, कामगार संघटना, ग्रामपंचायत, विरोधी बाकावरची पाच वर्षे, यांपैकी काहीही चालेल. यशोगाथेत हे प्रकरण सहसा नसते. मतदाराने ते मागून घेतले पाहिजे.