'दंगल' हा शब्द खोटा आहे

नामांतरावरचं मराठी लेखन मी मिळेल तसं वाचत आलो. लेख, कविता, आठवणी. त्यात एक शब्द नेमानं येतो : मराठवाड्यातली दंगल. माझा आक्षेप ह्या शब्दालाच आहे.

दंगलीला दोन बाजू लागतात. १९७८ साली दुसरी बाजू होती कुठं? मागणी सभा, मोर्चे, निवेदनं करून पुढं आली. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव केला. त्याला उत्तर म्हणून खेड्यापाड्यांतल्या वस्त्या जाळल्या. टेंभुर्णीच्या पोचिराम कांबळेंना ठार मारलं. ज्यानं विद्यापीठाची पायरीही पाहिली नव्हती त्याचं घर का जाळलं? तो गायरान कसत होता, मेलेली ढोरं ओढायचं त्यानं सोडलं होतं, पोरगं शाळेत धाडलं होतं. नाव हे निमित्त. ह्याला दंगल म्हणणारा लेखक मारणाऱ्याला आणि मार खाणाऱ्याला एकाच ओळीत उभा करतो. मग पांढरपेशा वाचक 'दोघांचंही चुकलं' म्हणतो आणि पान उलटतो.

महाडला २० मार्च १९२७ ला चवदार तळ्याचं पाणी पिऊन आलेल्या आपल्या लोकांवर हल्ला झाला. बाबासाहेबांनी आपल्या माणसांचा हात आवरला. खटला चालला, हल्लेखोरांना शिक्षा झाल्या. कुणी मारलं, कुणी सोसलं हे कागदावर राहिलं. म्हणून महाड आज सत्याग्रह म्हणूनच ओळखला जातो.

मराठवाड्यात शब्द ढिला पडला आणि निकालही ढिला पडला. जाळणाऱ्यांना राज्यकर्ते भ्याले. ठरावानंतर साडेपंधरा वर्षं गेली आणि १४ जानेवारी १९९४ ला पदरात पडला तो 'नामविस्तार'. तोही शब्द तपासा. ज्यांची घरं जळाली त्यांनी विस्तार मागितला नव्हता.

मी ज्या गावचा त्याचं नाव शिरपूर जैन. गावाच्या नावाला जैन जोडलं म्हणून कुणाचं छप्पर जळाल्याचं मी ऐकलं नाही. जळूच नये. मग आंबेडकर हे नाव जोडतानाच काडी का लागली? हा साधा सवाल मराठी समीक्षेनं विचारायला नको?

आता आपल्या कवींना दोन शब्द. आपल्या कवितेतही आग लई आहे. पण ती मशालीची, सूर्याची, क्रांतीची. ज्याचं घर गेलं त्याची आग वेगळी. तिच्यात कणगीतली ज्वारी जळते, बांधलेली शेळी जळते, पोराचा शाळेचा दाखला जळतो. ती लिहा, गड्यांनो. 'वस्ती पेटली' असं लिहू नका. वस्ती आपोआप पेटत नसते. पेटवली म्हणा, आणि कुणी पेटवली तेही म्हणा. पंचनाम्यात जे आलं नाही ते निदान आपल्या पानांवर तरी आलं पाहिजे.