कसोटी कोणाची? ‘स्मृतिचित्रे’ आणि संकटातली श्रद्धा

आजचा विषय कळल्यावर एका स्नेह्यांनी मला विचारलं, “संकटकाळी ख्रिस्ती श्रद्धेत स्थिर राहणं, हा तर रविवारच्या उपदेशाचा विषय. साहित्याच्या व्याख्यानात तो कशाला?” प्रश्न रास्त आहे. पण मला वाटतं, या विषयावर मराठीत जे सगळ्यांत खरं लिहिलं गेलं, ते उपदेशाच्या वहीत नाही. ते एका बाईच्या आठवणींत आहे. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’बद्दल मी बोलतोय. १९३४ पासून चार भागांत आलेलं हे पुस्तक आपल्यापैकी बहुतेकांनी वाचलं असेल, निदान त्यातला एखादा धडा शाळेत तरी भेटला असेल. आज ते एकच प्रश्न हातात धरून वाचू या. श्रद्धेची कसोटी लागते, असं आपण म्हणतो. ती नेमकी कोणाची लागते?

आधी एक साचा ओळखून घेऊ. मराठी ख्रिस्ती लेखनात ‘साक्ष’ नावाचा प्रकार रुजलेला आहे. मंडळीसमोर उभं राहून माणूस सांगतो : मी आधी असा होतो, मग प्रकाश दिसला, मग लोकांनी छळलं, पण मी डगमगलो नाही, आणि आज मी इथे आहे. बाबा पदमनजींच्या आत्मचरित्राचं नाव ‘अरुणोदय’. नावातच आधीची रात्र आणि नंतरची पहाट आहे. या साच्याला मी नावं ठेवत नाही. घर, जात, इस्टेट, आईबाप सोडून आलेल्या माणसाला आपली गोष्ट सरळ रेषेत सांगावीशी वाटणं साहजिक आहे. पण या सरळ रेषेला एक मोल द्यावं लागतं. संकट आलं ते फक्त विजय सिद्ध करायला आलं, असं होऊन बसतं. मधली मोडतोड गळून पडते.

आणि गंमत बघा, खुद्द पवित्र शास्त्रात ती गळालेली नाही. ईयोब राखेत बसून देवाशी भांडतो, आणि शेवटी देव रागावतो तो त्याच्या उपदेशक मित्रांवर. पेत्र आंगणातल्या शेकोटीजवळ तीनदा म्हणतो, मी त्याला ओळखत नाही. पुढे जो मंडळीचा खांब ठरला, त्याची ही फजिती चारही शुभवर्तमानांनी जपून ठेवली आहे. गेथशेमाने बागेत तर स्वतः ख्रिस्त हे दुःख टळावं म्हणून प्रार्थना करतो. म्हणजे मूळ ग्रंथाला मोडण्याची लाज वाटत नाही. ती लाज आपल्या साक्षींना वाटते.

आता टिळकांच्या घरात येऊ. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा झाला. साक्षीच्या साच्यात ही गोष्ट चपखल बसते. विद्वान, कवी, कोकणस्थ ब्राह्मण, सत्यासाठी सगळ्यावर पाणी सोडून निघाला. आप्त तुटले, समाज तुटला, तरी हा माणूस ढळला नाही. यातलं एकही वाक्य खोटं नाही.

पण ‘स्मृतिचित्रे’त हीच घटना दुसऱ्या दारानं येते. त्या दाराशी २६ वर्षांची एक बाई आहे, तिच्या पदरी लहान मुलगा आहे. तिच्या वडिलांचं सोवळं इतकं कडक, की बाहेरून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात घ्यायची नाही. अशा घरात वाढलेल्या मुलीचा नवरा ख्रिस्ती झाला. त्या काळच्या हिशोबात तो मेल्यात जमा. मग ही कोण? नवरा जिवंत, म्हणून विधवा नाही; नवऱ्याकडे जाता येत नाही, म्हणून संसारही नाही. ती नातलगांच्या आधारानं राहते, पंढरपुरात दिवस काढते. दुःखानं तिच्या मनाचा तोल जातो, आणि ते ती लपवत नाही.

इथे माझा मुद्दा आहे. टिळक स्थिर राहिले, पण त्या स्थिरतेची किंमत कोणी भरली? निर्णय त्यांचा, बाप्तिस्मा त्यांचा, साक्षही त्यांचीच. कसोटी मात्र लागली ती ज्या बाईनं काहीच निवडलं नव्हतं तिची. श्रद्धावीरांच्या चरित्रांत ही बाजू सहसा एका वाक्यात उरकतात : ‘कुटुंबाचा विरोध झाला.’ बस्स. या पुस्तकात तो ‘विरोध’ म्हणजे एक जिवंत माणूस आहे. तिला भूक लागते, राग येतो, रडू येतं, आणि थोड्या वेळानं स्वतःचंच हसूही येतं.

हसूबद्दल जरा थांबतो, कारण वाङ्मयीन दृष्ट्या सगळं तिथेच आहे. लक्ष्मीबाईंच्या विनोदाचं कौतुक आपण नेहमी करतो. पण तो विनोद काय काम करतो हे फारसं कोणी विचारत नाही. मला वाटतं, तो खरेपणाची राखण करतो. वाक्य जरा मोठं व्हायला लागलं, त्यात त्याग, बलिदान असले शब्द शिरायला लागले, की बाई मध्येच एखादी घरगुती फजिती सांगतात आणि हवा काढून घेतात. घरात चार पैसे आले की ते टिळकांच्या हातून बाहेर कसे जायचे, हे त्या ज्या सुरात सांगतात त्यात तक्रार आहे, माया आहे, पण आरती नाही. नवऱ्याला संत करायची संधी त्यांच्याकडे होती. वाचक तयारच होता. त्यांनी ती घेतली नाही. म्हणूनच पुढे जेव्हा त्या टिळकांच्या भक्तीबद्दल बोलतात, तेव्हा आपला विश्वास बसतो.

आता यातला अवघड भाग. बाप्तिस्म्यानंतरची सुमारे पाच वर्षं लक्ष्मीबाई हिंदूच राहिल्या. पुढे नवराबायको पुन्हा जवळ आले, तरी त्यांनी आपलं सोवळं, आपली चूल वेगळी राखली. मी विचारतो, ही स्थिरता नव्हे काय? नवरा एका श्रद्धेत ठाम, बायको दुसऱ्या श्रद्धेत ठाम. दोघांचीही कसोटी चालू आहे, एकाच घरात, एकमेकांच्या हातून. ख्रिस्ती वाचकाला हे कबूल करणं थोडं जड जातं. स्थिर राहणं हा गुण आपल्या बाजूला असला तर श्रद्धा, आणि समोरच्या बाजूला असला तर हट्ट, अशी आपली सोयीची वाटणी असते. हे पुस्तक ती वाटणी चालू देत नाही. आपल्या जुन्या निष्ठेची थट्टा त्या करतात, पण तिला खोटी म्हणत नाहीत.

मग त्या बदलल्या कशा? राहुरीच्या मुक्कामात, एकटीनं विचार करून. जातीभेद देवानं केला की माणसानं, हा प्रश्न त्यांना पडला, आणि माणसानंच केला, असं त्यांच्या मनानं उत्तर दिलं. कोणा मिशनऱ्यानं वादात हरवलं म्हणून नव्हे, नवऱ्यानं दटावलं म्हणूनही नव्हे. शिवाशिवीची गाठ आधी सुटली, आणि बाप्तिस्मा नंतर, १९०० साली झाला. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. यातून स्थिरतेची वेगळीच व्याख्या हाती येते. स्थिर राहणं म्हणजे न बदलणं नव्हे. आपल्याला खरं वाटेल त्यापासून न पळणं. त्या अर्थानं सोवळं पाळणारी लक्ष्मी आणि ते सोडणारी लक्ष्मी, दोघी एकच.

बाप्तिस्म्यानंतर सुखाचे दिवस आले, असं साचा म्हणतो. पुस्तक म्हणत नाही. छप्पनचा दुष्काळ आला, नगर जिल्हा होरपळला, अनाथ मुलं घरात आली. प्लेग आला. पैशांची ओढाताण कधी संपलीच नाही. १९१७ साली टिळकांनी अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ काढला. म्हणजे स्थिर राहण्यासाठी या माणसाला एकदा आपली जात सोडावी लागली, आणि एकदा मिशनची सावली. १९१९ च्या मे महिन्यात ते गेले. या सगळ्या भागात श्रद्धा कुठे दिसते? प्रार्थनेच्या लांब उताऱ्यांत नाही. ती दिसते कोणाची तरी मुलं न्हाऊमाखू घालण्यात, आजाऱ्याजवळ बसण्यात, आणि उद्या काय शिजवायचं याचा पत्ता नसताना आज आलेल्याला वाढण्यात.

यावर एक आक्षेप घेता येईल, आणि मी तो स्वतःच घेतो. लक्ष्मीबाई आपल्या आतल्या ख्रिस्ती जीवनाबद्दल फार कमी बोलतात. त्यांनी शंकेच्या रात्री काढल्या का? ख्रिस्ती झाल्यावर कधी पस्तावल्या का? मंडळीत त्यांना एकटं वाटलं का? प्रश्न आला की बाई झटकन एखाद्या प्रसंगाकडे वळतात. जो विनोद ठिकठिकाणी खरेपणा राखतो, तोच काही ठिकाणी दार लावून घेतो. ही उणीव आहे, असं मला प्रामाणिकपणे वाटतं. मात्र हेही खरं, की जे माहीत नाही ते त्या रचून सांगत नाहीत. खोट्या कबुलीपेक्षा मला ती शांतता बरी वाटते.

आपण वाचकांनी मात्र या पुस्तकाचे दोन तुकडे केले. साहित्याच्या वर्गात त्यातला खेळकर संसार शिकवला आणि श्रद्धा बाजूला ठेवली, जणू ती एखादी खासगी बाब. मंडळीत त्याची साक्ष केली आणि पंढरपूरचे दिवस दोन ओळींत उरकले, जणू ते फक्त शेवट गोड व्हावा म्हणून आलेले. दोन्हीकडे नुकसान एकच झालं. ज्या बाईनं अख्खं आयुष्य समोर ठेवलं, तिचं अर्धंच आपण घेतलं.

हे नुकसान पुस्तकापुरतं नाही, म्हणून आजचा विषय निवडला. घरात मरण झालं, नोकरी गेली, मूल आजारी पडलं, की आपण जाऊन सांगतो, ‘विश्वासात स्थिर राहा.’ सांगणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण ऐकणाऱ्याला कळतं, की आता रडायचं नाही, विचारायचं नाही. ईयोबाच्या मित्रांची चूक आपण प्रेमानं करत राहतो. आणि ज्या घरात एकाच्या श्रद्धेचा भार दुसरा वाहतोय, त्या दुसऱ्याकडे तर आपण बघतही नाही. साक्ष ऐकताना मला हल्ली एक सवय लागली आहे. बोलणारा माणूस ‘मी सगळं सोडलं’ म्हणाला, की मनात येतं, ते सगळं पुढे कोणी उचललं?

शेवटी एक गोष्ट सांगतो आणि थांबतो. टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ लिहायला घेतलं होतं, ख्रिस्ताचं चरित्र ओवीबद्ध करायचं. ते अपुरं राहिलं. पुढे ते लक्ष्मीबाईंनी हाती घेतलं आणि त्यात ६४ अध्यायांची भर घातली. शाळा न शिकलेल्या बाईनं. ज्या ख्रिस्तापायी एके काळी तिचा संसार उधळला, त्याचीच कथा ती म्हातारपणी ओवीमागून ओवी लिहीत बसली होती. याला विजय म्हणायचा मोह होतो. पण हा शब्द लक्ष्मीबाईंच्या कानी पडता, तर त्यांनी हमखास काहीतरी फजिती सांगून आपल्याला गप्प केलं असतं. म्हणून मी एवढंच म्हणतो, की ते काम त्यांनी अर्ध्यावर टाकलं नाही.