रडू कशाचं आलं?

केनेथ ब्रानाचा 'सिंड्रेला' (२०१५) पाहताना मला रडू आलं, पण काचेच्या बुटापाशी किंवा राजवाड्यातल्या नाचापाशी नव्हे. त्याच्या बरंच आधी. वडील प्रवासाला निघतात तेव्हा सावत्र बहिणी लेस आणि छत्री मागतात. एला एवढंच म्हणते, की वाटेत तुमच्या खांद्याला जी पहिली फांदी लागेल ती माझ्यासाठी आणा. मग एक दिवस दार वाजतं. दारात वडील नसतात, एक ओळखीचा माणूस उभा असतो आणि त्याच्या हातात ती फांदी असते. बस्स. माझे डोळे भरून आले. शेजारी पॉपकॉर्न खात बसलेली नऊ वर्षांची भाची माझ्याकडे पाहत म्हणाली, "मावशी, रडतेस काय? त्यांना मेलेलं दाखवलंच नाहीये अजून!"

तिथेच तर गोम आहे. दाखवलं नाही म्हणूनच रडू आलं. शिवाय ही फांदी डिस्नेच्या १९५०च्या ॲनिमेशनपटात नाही. ती ग्रिम बंधूंच्या कथेतली. तिथे मुलगी वडिलांच्या टोपीला लागलेली फांदी मागते, आईच्या थडग्यावर लावते आणि आसवांवर ती वाढवते. म्हणजे रिमेक जिथे कार्टून सोडून जुन्या गोष्टीकडे गेला, नेमका तिथे तो जिवंत झाला.

हे भाग्य सगळ्या रिमेकच्या वाट्याला आलेलं नाही. टिम बर्टनच्या 'ॲलिस इन वंडरलँड'ने २०१० साली जगभर १०० कोटी डॉलरच्या वर धंदा केला आणि डिस्नेला आपल्याच माळ्यावरच्या पेट्या उघडायचा नाद लागला. 'ब्यूटी अँड द बीस्ट' (२०१७), 'अलादीन' आणि 'द लायन किंग' (दोन्ही २०१९), 'द लिटल मर्मेड' (२०२३), 'स्नो व्हाइट' (२०२५) ही रांग त्यातूनच लागली. हिशेब सोपा आहे. लहानपणी ज्यांनी मूळ कार्टून पाहिलं ते आता आईबाप झालेत. ते स्वतःच्या आठवणीसाठी तिकीट काढतात आणि मुलाला बरोबर नेतात. 'ब्यूटी अँड द बीस्ट'ने १२० कोटी डॉलरचा टप्पा ओलांडला. 'स्नो व्हाइट' मात्र सपशेल आपटला, म्हणजे नुसत्या ओळखीवर दरवेळी गल्ला भरत नाही.

या रिमेकची पहिली खोड: ते फार समजावून सांगतात. १९९१चा 'ब्यूटी अँड द बीस्ट' ८४ मिनिटांचा होता, २०१७चा १२९ मिनिटांचा. वाढलेली ४५ मिनिटं कुठे गेली? बरीचशी खुलाशांत. बेलची आई कुठे आहे, हे जुन्या चित्रपटात कुणी विचारत नव्हतं. नव्या चित्रपटात बेलला जादूच्या पुस्तकातून पॅरिसच्या माळ्यावर नेऊन आई प्लेगने गेल्याचं दाखवतात. राजपुत्र असा का झाला? कारण बाप वाईट होता. नोकरांनाही शाप का? कारण त्यांनी बापाला अडवलं नाही. सगळ्या फायली निकाली! पण परीकथा कधी कारणं देत नाही. आपल्याकडेही आटपाट नगरातल्या राजाला नावडती राणी का नावडती, हे कुणी सांगत बसत नाही. ऐकणाऱ्याने ती पोकळी आपल्या घरातल्या अनुभवाने भरायची असते. ती आधीच बुजवली, की बघणाऱ्याला करायला काही उरत नाही आणि रडायलाही.

दुसरी खोड अधिक गंभीर आहे. जुनी गोष्ट किंमत वसूल करते. अँडरसनच्या १८३७च्या जलपरीची जीभ कापली जाते, प्रत्येक पाऊल सुरीवर पडल्यासारखं दुखतं, आणि तिने एवढं सोसूनही राजपुत्र लग्न करतो ते दुसरीशीच. त्याला मारून स्वतःचा जीव वाचवायची सुरी हातात असताना ती सुरी फेकून देते. डिस्नेने १९८९मध्येच ही किंमत माफ केली: आवाज परत, नवरा पदरात. २०२३च्या रिमेकने समुद्र अधिक निळा केला, हॅली बेलीने गाणी जीव ओतून गायली, पण माफ केलेली किंमत पुन्हा लावायचं धाडस कुणाला झालं नाही. आपल्या व्रतांच्या कहाण्यांत घेतला वसा टाकला, की वैभव गेलंच म्हणून समजावं. देव नंतर प्रसन्न होतो हे खरं, पण मधला वनवास कुणाला चुकत नाही.

'द लायन किंग'ची अडचण आणखी वेगळी. सिंहाचा एकेक केस खरा वाटतो, पण बाप मेल्यावर बछड्याचा चेहरा खऱ्या बछड्यासारखाच राहतो, म्हणजे निर्विकार. हाताने काढलेल्या चार रेषांना जे जमलं होतं ते तिथे संगणकाला जमलं नाही. अपवाद 'मॅलिफिसेंट'चा (२०१४). तो जुन्या गोष्टीशी भांडतो. झोपलेल्या राजकन्येला जाग येते ती राजपुत्राच्या चुंबनाने नव्हे, तर जिने शाप दिला तिच्याच पश्चात्तापाने. चित्रपट ओबडधोबड आहे, पण त्याला स्वतःचं असं काही म्हणायचं आहे.

आता आपल्याकडच्या रडवणाऱ्या प्रेमपटांकडे वळू. जुलै २०२५मध्ये 'सैयारा' आला आणि थिएटरात हुंदके देणाऱ्या पोरांच्या रील्स फिरू लागल्या. एकजण तर हाताला सलाईन लावून बसलेला दिसला. आमच्या पिढीने नाकं मुरडली. मला त्यात हसण्यासारखं काही वाटत नाही; 'टायटॅनिक'च्या वेळी आम्हीही ओढणीची टोकं ओली करून घरी आलो होतो. 'सैयारा'तल्या मुलीला स्मृतिभ्रंश होतो, प्रियकराचं नाव हळूहळू पुसट होत जातं. कल्पना जुनीच आहे, पण विसरलं जाण्याची भीती आजच्या पोरांना खरी वाटत असणार. एरवी परक्यांसमोर रडायची मुभा आपल्याकडे देतं तरी कोण?

खटकतं ते वेगळंच. ऑगस्ट २०२५मध्ये 'रांझणा' (२०१३) तमिळमध्ये पुन्हा लावला तो कृत्रिम बुद्धिमत्तेने शेवट बदलून. मूळ चित्रपटात मरणारा नायक कुंदन इथे डोळे उघडतो. दिग्दर्शक आनंद एल. राय आणि नट धनुष या दोघांनीही जाहीर नापसंती नोंदवली. जलपरीच्या बाबतीत जे झालं तेच इथे झालं, फक्त आता चित्रकारांची फौज लागत नाही.

या सगळ्याला उत्तर मराठीत दहा वर्षांपूर्वीच देऊन झालं आहे. 'सैराट'चा (२०१६) पूर्वार्ध म्हणजे नागराज मंजुळेंनी जाणूनबुजून रचलेली परीकथा: विहीर, ट्रॅक्टर चालवणारी आर्ची, अजय-अतुलचा भरगच्च वाद्यवृंद. उत्तरार्धात हैदराबादची झोपडपट्टी येते, संगीत मागे सरतं आणि संसाराला पैसे पुरत नाहीत. शेवटी माहेरची माणसं भेटवस्तू घेऊन दारात येतात. आर्ची हरखून चहा टाकते. आलेल्यांत तिचा भाऊ असतो आणि त्याचं नाव प्रिन्स. राजपुत्र घरी येतो तो असा. नंतर पोर रक्तात पावलं भिजवून बाहेर चालत येतं आणि पडद्यावर आवाज नसतो. मी पाहिला त्या खेळाला बाहेर पडताना कुणी कुणाशी बोललं नाही.

'धडक' (२०१८) हा त्याचा हिंदी रिमेक. उदयपूरचे महाल, उंची कपडे, झाडूनपुसून लख्ख केलेली गरिबी. शेवटी नवरा आणि मूल मारले जातात, मुलगी उरते. म्हणजे किंमत इथेही वसूल केली आहे, पण पावतीवर ती कशाची हे लिहायचं टाळलं आहे. 'सैराट'मध्ये जात वर्गात, शेतात, पंचायतीत दिसते. 'धडक'मध्ये ती पुटपुटली जाते. मला तिथेही वाईट वाटलं, पण ते वाईट वाटणं पार्किंगपर्यंतच टिकलं.

तेव्हा रडू आलं म्हणून चित्रपट मोठा ठरत नाही आणि रडणारा खुळाही ठरत नाही. घरी येऊन स्वतःला एवढंच विचारावं: रडू कशाचं आलं? पात्राने काय गमावलं ते एका वाक्यात सांगता आलं, तर तिकिटाचे पैसे वसूल. नाही आलं, तर आपल्याला व्हायोलिनने रडवलं असं खुशाल समजावं. भाचीला परवा 'सिंड्रेला'तलं काय आठवतं म्हणून विचारलं. गाउन आठवेल असं मला वाटलं होतं. ती म्हणाली, "ती फांदी."