भिंतीचे रूपक आणि दाखल्याचा प्रश्न : जेफर्सनच्या डॅनबरी पत्राचे पुनर्वाचन

प्रस्तावना

‘धर्मसंस्था आणि राज्यसंस्था यांची फारकत’ हा शब्दप्रयोग मराठी राज्यशास्त्रीय लेखनात रूढ आहे. लोकव्यवहारात ‘फारकत’ हा शब्द पतिपत्नीच्या काडीमोडासाठी वापरला जातो. त्यामुळे या शब्दात दोन गोष्टी गृहीत असतात : पूर्वी एकत्र संसार होता आणि तो मोडताना देण्याघेण्याचा हिशेब करावा लागतो. अमेरिकेत हीच कल्पना ‘भिंत’ या रूपकाने व्यक्त केली जाते. भिंतीच्या रूपकात मात्र आधीचा संसार दिसत नाही. दोन्ही वाडे जणू प्रथमपासूनच निराळे होते असा भास होतो. हे रूपक राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफर्सन यांच्या १ जानेवारी १८०२ च्या पत्रातून प्रसिद्धीस आले. त्या पत्रावर विपुल लेखन झाले आहे. परंतु ते ज्या अर्जाचे उत्तर होते, त्या अर्जाकडे तुलनेने कमी लक्ष दिले गेले. उत्तर वाचले गेले, प्रश्न मात्र मागे पडला, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

पत्रव्यवहाराची पार्श्वभूमी

अमेरिकन राज्यघटनेची पहिली दुरुस्ती १७९१ मध्ये अमलात आली. धर्माची अधिकृत स्थापना करणारा अथवा धर्माचरणाच्या स्वातंत्र्याला बाध आणणारा कायदा काँग्रेसने करू नये, असे तिने ठरविले. तथापि हे बंधन केवळ केंद्रीय विधिमंडळावर होते. घटक राज्ये त्यातून मुक्त होती. कनेक्टिकटमध्ये काँग्रिगेशनल चर्चला कायद्याचा आश्रय होता आणि त्याच्या निर्वाहासाठी कर घेतला जाई. अन्य पंथीयांना या करातून सूट मिळू शके. मात्र त्यासाठी आपण अन्य मंडळीचे सभासद आहोत, असा दाखला सादर करावा लागे. सूट होती, पण ती मागावी लागत होती.

डॅनबरी येथील बॅप्टिस्ट मंडळ्यांच्या संघाने ७ ऑक्टोबर १८०१ रोजी जेफर्सन यांना जे निवेदन पाठविले, त्याचा गाभा हाच होता. आपल्याला मिळणारे धार्मिक स्वातंत्र्य हे जन्मसिद्ध हक्क म्हणून न मिळता मेहेरबानी म्हणून मिळते आणि ती मिळविताना अपमान सोसावा लागतो, अशी त्यांची तक्रार होती. राष्ट्राध्यक्षांना घटक राज्याचे कायदे रद्द करता येत नाहीत, याची जाणीवही निवेदनात व्यक्त झाली आहे. म्हणजे निवेदनकर्त्यांची मागणी भिंतीची नव्हती. दाखल्याची नामुष्की संपावी, ही होती.

उत्तराचे स्वरूप

जेफर्सन यांचे उत्तर संक्षिप्त आहे. धर्म ही मनुष्य आणि त्याचा ईश्वर यांच्यामधील बाब असून शासनाचा अधिकार कृतीपुरता आहे, मतापर्यंत पोहोचत नाही, असे प्रतिपादन करून ते पहिल्या दुरुस्तीचा उल्लेख करतात. या दुरुस्तीने धर्मसंस्था व राज्यसंस्था यांच्यामध्ये भिंत उभी केली, असे ते म्हणतात. येथे एक सूक्ष्म बदल घडला आहे. तक्रार कनेक्टिकटच्या विधिमंडळाविषयी होती. उत्तर समग्र अमेरिकन जनतेच्या विधिमंडळाविषयी आहे.

पत्राचा मसुदाही लक्षणीय आहे. उपवास व आभारप्रदर्शनाचे धार्मिक दिवस आपण का जाहीर करीत नाही, याचे स्पष्टीकरण त्यात होते. न्यू इंग्लंडमधील लोकांना ते रुचणार नाही, असा सल्ला महान्यायवादी लेव्ही लिंकन यांनी दिल्यावर जेफर्सन यांनी तो भाग गाळला. यावरून हे पत्र निव्वळ तात्त्विक प्रबंध नसून राजकीय तोल सांभाळणारे लेखन होते, असे म्हणता येते. पत्रानंतर दोनच दिवसांनी, ३ जानेवारीस, बॅप्टिस्ट धर्मोपदेशक जॉन लेलँड यांनी प्रतिनिधिगृहाच्या सभागृहात प्रवचन केले आणि जेफर्सन तेथे उपस्थित होते. भिंतीचा कर्ता तिला आजच्या अर्थाने अभेद्य मानीत नव्हता, असा निष्कर्ष काही अभ्यासक यावरून काढतात.

भिंतीच्या दोन बाजू

भिंतीची प्रतिमा जेफर्सन यांच्याही पूर्वीची आहे. मॅसॅच्युसेट्समधून हद्दपार झाल्यावर १६३६ मध्ये प्रॉव्हिडन्स वसविणाऱ्या रॉजर विल्यम्स यांनी १६४४ मध्ये जॉन कॉटन यांना दिलेल्या उत्तरात चर्चला बागेची आणि जगाला रानाची उपमा दिली होती. त्या दोहोंमधील कुंपणाला भगदाड पडले की बागेचेही रान होते, असा त्यांचा विचार होता. मार्क डीवुल्फ हाऊ यांनी १९६५ मध्ये या दोन परंपरांतील भेद स्पष्ट केला. विल्यम्स यांची भिंत सत्तेच्या स्पर्शापासून धर्माचे रक्षण करते. जेफर्सन यांची भिंत धर्मपीठांच्या प्रभावापासून नागरी जीवनाचे रक्षण करते. एकच रूपक दोन भिन्न भयांचे वाहक झाले आहे. भय कोणाचे, हे न सांगता भिंतीचा पुरस्कार करणे म्हणूनच अपुरे ठरते.

न्यायनिर्णयांतील रूपक

सर्वोच्च न्यायालयाने १८७९ च्या रेनॉल्ड्स खटल्यात जेफर्सन यांचे पत्र प्रथम आधारास घेतले. रूपकाला खरे वजन मात्र १९४७ च्या एव्हर्सन खटल्याने आले. न्यायमूर्ती ह्यूगो ब्लॅक यांनी भिंत उंच व अभेद्य असली पाहिजे असे प्रतिपादिले, आणि त्याच निकालपत्रात कॅथलिक शाळांत जाणाऱ्या मुलांच्या बसभाड्याची सार्वजनिक निधीतून भरपाई करणे पाच विरुद्ध चार मतांनी वैध ठरविले. प्रतिपादन आणि निर्णय यांतील ही विसंगती अल्पमतातील न्यायमूर्तींनी दाखवून दिली. तथापि या निकालाचे एक महत्त्व दुर्लक्षिता येत नाही : पहिल्या दुरुस्तीतील धर्मस्थापनेस मनाई करणारे कलम येथून घटक राज्यांवरही बंधनकारक झाले. डॅनबरीच्या तक्रारीस कायद्याचे उत्तर मिळाले ते असे १४५ वर्षांनी. कनेक्टिकटने स्वतः १८१८ मध्येच चर्चचा राजाश्रय संपविला होता.

पुढे १९७१ च्या लेमन खटल्यात सरन्यायाधीश बर्गर यांनी ही भिंत नसून अस्पष्ट व बदलती सीमारेषा आहे, असे म्हटले. १९८५ मध्ये रेन्क्विस्ट यांनी हे दिशाभूल करणारे रूपक उघडपणे टाकून द्यावे, अशी भूमिका भिन्नमतात मांडली. पहिली दुरुस्ती तयार होत असताना जेफर्सन फ्रान्समध्ये होते, हा त्यांचा एक मुद्दा होता.

टीकाकारांचे आक्षेप

२००२ मध्ये डॅनियल ड्रेसबाख आणि फिलिप हॅम्बर्गर यांचे ग्रंथ प्रसिद्ध झाले. ड्रेसबाख यांच्या मते जेफर्सन यांची भिंत मुख्यतः केंद्र व घटक राज्ये यांच्या अधिकारांशी संबंधित होती. हॅम्बर्गर यांचा आक्षेप अधिक गंभीर आहे. पंथीयांना स्वातंत्र्य हवे होते, विभक्तता नव्हे. एकोणिसाव्या शतकात विभक्ततेच्या घोषणेस बळ मिळाले ते कॅथलिक स्थलांतरितांविषयीच्या द्वेषातून, असे ते दाखवितात. या आक्षेपास आधार आहे. सार्वजनिक शाळांतील प्रॉटेस्टंट बायबलवाचन चालू राहिले, आणि कॅथलिक शाळांना निधी नाकारताना मात्र भिंतीची आठवण झाली. १८४४ मध्ये फिलाडेल्फियात बायबलवाचनाच्या वादातून दंगली उसळल्या, हा या इतिहासाचाच भाग होय.

तथापि एखाद्या तत्त्वाचा दुरुपयोग झाला म्हणून त्या तत्त्वामागील गरज खोटी ठरत नाही. हॅम्बर्गर बॅप्टिस्टांच्या मागणीचे नाव अचूक सांगतात. परंतु ती मागणी पुरी व्हायची तर करवसुलीतून चर्चला दूर करणे अपरिहार्य होते, याला त्यांच्या विवेचनात पुरेसे वजन मिळत नाही. जोपर्यंत एका चर्चसाठी कर होता, तोपर्यंत इतरांना सूट मागावीच लागणार होती.

रूपकाऐवजी प्रश्न

डॅनबरीच्या तक्रारीत दोन धागे आहेत. दुसऱ्याच्या उपासनेसाठी कर देण्याची सक्ती हा पहिला. श्रद्धेमुळे नागरिकाचे स्थान उणे होणे हा दुसरा. १८०१ मध्ये हे धागे एकत्र होते. आजच्या वादांत ते परस्परांपासून सुटले आहेत. २०२२ च्या कार्सन खटल्यात मेन राज्याच्या शिक्षणशुल्क योजनेतून धार्मिक शाळा वगळणे सर्वोच्च न्यायालयाने अवैध ठरविले. बहुमताने दुसरा धागा धरला : श्रद्धेमुळे पालकांना लाभ नाकारू नये. न्यायमूर्ती सोटोमायॉर यांच्या भिन्नमताने पहिला धागा धरला : करदात्याच्या पैशातून धर्मशिक्षण होऊ नये. दोन्ही पक्षांना डॅनबरीच्या निवेदनात आधार सापडतो. भिंतीचे रूपक ही अडचण सोडवीत नाही. ते ती झाकते.

त्याच वर्षीच्या केनेडी खटल्यात मात्र प्रश्न अधिक स्पष्ट आहे. शाळेच्या फुटबॉल प्रशिक्षकाने सामन्यानंतर मैदानावर केलेली प्रार्थना बहुमताने वैयक्तिक मानली. ज्याच्या हाती संघातील स्थान आहे, त्याच्या प्रार्थनेपासून अलग राहणाऱ्या विद्यार्थ्याला आपले वेगळेपण सर्वांसमक्ष दाखवावे लागते, हे बहुमताने पुरेसे विचारात घेतले नाही. हादेखील एक प्रकारचा दाखलाच होय. २०२५ मध्ये ओक्लाहोमातील कॅथलिक चार्टर शाळेच्या प्रकरणात न्यायालय चार विरुद्ध चार असे विभागले. राज्य न्यायालयाचा त्या शाळेविरुद्धचा निर्णय कायम राहिला, पण देशव्यापी दंडक निर्माण झाला नाही.

समारोप

भिंत किती उंच असावी, या प्रश्नाभोवती अमेरिकेतील चर्चा दीर्घकाळ फिरत राहिली. डॅनबरीच्या निवेदनाने दिलेली कसोटी अधिक साधी आणि अधिक कठोर आहे : आपले नागरिकत्व उणे होऊ नये म्हणून कोणाला दाखला सादर करावा लागतो, आणि तो कोणापुढे? या कसोटीने प्रत्येक वाद सुटेल असे नाही. कार्सन प्रकरणी ती दोन्हीकडे झुकते. परंतु ती लक्ष रूपकावरून माणसाकडे वळविते. या दृष्टीने मराठीतील ‘फारकत’ हा शब्द भिंतीपेक्षा अधिक प्रामाणिक वाटतो. पूर्वीच्या संसारात कोणाला काय सोसावे लागले, याचा हिशेब झाल्यावाचून फारकत पुरी होत नाही.